फाटक लावलंस का?

मुलगी परदेशी नोकरीला गेली, की आईच्या काळज्या ठरलेल्या असतात. वेळेवर जेवते का, थंडीत कानाला काही बांधते का, रात्री एकटी फिरते का. माझ्या यादीत या सगळ्याच्या वर एक प्रश्न असतो. दर रविवारी रात्री फोन लागला, की मी पहिलं विचारते, "आज कुठल्या कड्यावर लटकत होतीस? आणि खाली उतरलीस ना नीट?"

हसू नका. पुण्यात कॉलेजात असताना ती एका गिर्यारोहण क्लबात जायला लागली, तेव्हा आम्ही कौतुकच केलं. शनिवार-रविवार पाठपिशवी घेऊन सह्याद्रीत जायची, सोमवारी ढोपरं सोलवटून यायची. म्हटलं, नोकरी लागली की सुटेल. कसलं काय! २०१९ मध्ये नोकरीनिमित्त उत्तर आयर्लंडला, बेलफास्टला गेली आणि पहिल्या तीन महिन्यांत तिने घर शोधण्याआधी कडा शोधला. फेअर हेड नावाचा. समुद्रावरचा, शंभर मीटरपर्यंत सरळसोट उंच. फोटो पाठवला तेव्हा मी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि मग दोन दिवस पाहिला नाही.

२०२३ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले. "आई, तू एकदा येऊन बघ. डोळ्यांनी बघितलंस की भीती कमी होईल," असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं बरोबर उलटं होतं. पण गेले.

बेलफास्टहून उत्तरेला बॅलीकॅसल नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथून पुढे अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, हिरवीगार कुरणं आणि मेंढ्या. आपल्या कोकणातल्या गडग्यांची आठवण व्हावी इतके सारखे. फरक एवढाच, की तिथे आंब्याऐवजी मेंढ्या. शेवटी एका शेतघराजवळ मोटार लावायची जागा आली. लेकीने खिशातून सुटी नाणी काढली आणि तिथल्या पेटीत टाकली. मोजायला कुणी नाही, बघायला कुणी नाही.

"हे कोणाचं आहे?" मी विचारलं.

"शेतकऱ्याचं. सगळंच. हे कुरण, पुढचं तळं, आणि कडासुद्धा."

कडा शेतकऱ्याच्या मालकीचा? मला खरंच कळेना. समुद्राच्या कड्याला कोण मालक असणार! आपल्याला वाटतं डोंगर सरकारचे, समुद्र देवाचा. पण तिथे तसंच आहे. फेअर हेड ही खासगी शेतजमीन आहे. वर गुरं-मेंढ्या चरतात आणि त्या जमिनीची हद्द जिथे संपते तिथून खाली कडा सुरू होतो. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी प्रस्तरारोहकांना येऊ दिलं, म्हणून ते येऊ शकतात.

कायद्याने येऊ दिलं असं नव्हे, हे महत्त्वाचं. फेअर हेडवर उभं राहिलं की समोर रॅथलिन बेट दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे स्कॉटलंडचा किनारा. मध्ये जेमतेम वीसेक किलोमीटर पाणी. त्या पलीकडच्या किनाऱ्यावर २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही, मालकाला न विचारता, बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलेला आहे. अलीकडच्या किनाऱ्यावर असा सरसकट हक्क नाही. मालक म्हणाला 'या', तर यायचं. उद्या म्हणाला 'पुरे', तर पुरे. दुर्बिणीतून दिसेल एवढ्या अंतरावर असे दोन कायदे!

लेक म्हणाली, "म्हणून आम्ही इथे पाहुणे आहोत, आई. आणि पाहुण्यासारखंच वागायचं."

मग पहिलं फाटक आलं. लोखंडी, रुंद, शेतावर असतं तसं. तिने ते उघडलं, आम्ही तिघी आत गेलो (तिची जोडीदारीण, एक आयरिश शाळामास्तरीण, बरोबर होती), तिने ते लावलं, कडी घातली आणि पुन्हा हलवून बघितली. मी म्हटलं, झालं की. तर म्हणाली, "हलवून बघायचंच. गेल्या वर्षी एकाची कडी नीट बसली नव्हती, तर मेंढ्या रस्त्यावर." पुढचं फाटक सताड उघडं होतं. मी आपली शहाणपणाने ते ओढायला लागले, तर दोघी एकदम ओरडल्या. उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून असेल, दुसऱ्या काही कारणाने असेल. आपण जसं सापडलं तसं सोडायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. फाटक उघडतच नसेल आणि ओलांडायचीच वेळ आली, तर बिजागरीच्या बाजूने चढायचं, कडीच्या बाजूने नाही. कडीच्या बाजूला वजन पडलं की फाटक खाली बसतं आणि मग ते कधीच नीट लागत नाही. घरातल्या कपाटाच्या दाराला लोंबकळणारी मुलं ज्यांनी वाढवली आहेत, त्यांना हे सांगायला नको!

तारेच्या कुंपणावरून उडी मारायची नाही. कुत्रा आणायचा नाही, कितीही गरीब असला तरी, कारण कोकरं असतात आणि आई मेंढी कुत्र्याला बघून सैरावैरा पळते, कड्यापर्यंतसुद्धा. मोटार शेताच्या वाटेत लावायची नाही, ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हे कड्याचे नियम नव्हेत, हे शेजारधर्माचे नियम आहेत. मी मनात म्हटलं, या पोरीला मी बावीस वर्षं ओला टॉवेल पलंगावर टाकू नको म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे होती ही शिस्त?

तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही पडला होता. शौचाचं काय? दिवसभर तिथे राहायचं, आडोसा नाही, झाड नाही. पुरुषांचं निभतं, बायकांचं काय? लेकीने तिच्या पिशवीतला एक वेगळा कप्पा दाखवला. छोटं खुरपं, कागद, आणि दोन-तीन बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. तळ्यापासून लांब जायचं, कारण ते पाणी गुरं पितात. वीतभर खड्डा करायचा, बुजवायचा. कागद पुरायचासुद्धा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. पाळीचे दिवस असतील तर पॅडही तसंच, दुहेरी पिशवीत. "घाण नाही वाटत?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्याच्या मेंढीच्या तोंडाला लागलं तर जास्त घाण वाटेल." आपल्या गडांवरच्या टाक्यांजवळ काय काय पडलेलं असतं ते आठवून मी गप्प बसले. ट्रेकला जाणाऱ्या तुमच्या मुलींना मात्र हा कप्पा जरूर दाखवा.

असो. कड्याकडे वळते.

फेअर हेडचा खडक काळपट, उभ्या खांबांचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलीय ना, तसे खांब, फक्त अवाढव्य. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस वर न येता जमिनीच्या पोटातच, जुन्या खडकांच्या थरांत घुसला आणि तिथेच थंड झाला. थंड होताना आकसला, तडकला, त्याचे खांब झाले. आपला सह्याद्रीही अग्निजन्यच आणि वयाने त्याच्याहून थोडा थोरला. म्हणजे लेक सातासमुद्रापार जाऊन मावसभावालाच भेटली म्हणायची! या खांबांमधल्या उभ्या भेगांत हात-पाय रुतवत वर चढायचं असतं.

आणि इथे त्यांची दुसरी शिस्त. फेअर हेडवर बोल्ट मारत नाहीत. आपल्याकडे कित्येक सुळके बोल्ट मारल्याशिवाय सर झालेच नसते, तिथल्या खडकाची गरज वेगळी. पण फेअर हेडला भेगा भरपूर. पहिली चढणारी भेगेत धातूची छोटी पाचर किंवा स्प्रिंगचा कॅम अडकवते, त्यातून दोर ओवते, पुढे जाते. मागून येणारी ते सगळं काढत काढत येते. दोघी वर पोचल्या, की कड्यावर काही उरत नाही. खडकाला भोक नाही, खिळा नाही. शेतकऱ्याच्या भिंतीला आपण खिळा मारू का न विचारता, असा तिचा सरळ हिशेब.

बायकांचं तिथे नवल कुणालाच नाही, हे मला विशेष वाटलं. या कड्याची २००२ ची मार्गदर्शिका कॅल्व्हिन टॉरन्स आणि क्लेअर शेरिडन या जोडीने लिहिलेली आहे, आणि इथल्या कितीतरी वाटा या दोघांनी प्रथम चढून काढल्या. त्याही मागे जायचं तर लिझी ल ब्लाँ ही आयरिश बाई १९०७ मध्ये स्त्रियांच्या आल्पाइन क्लबची पहिली अध्यक्ष झाली. तिची एक गंमत सांगतात. लोकलाजेस्तव ती गावातून लांब झग्यात निघायची, वर गेल्यावर झगा काढून ठेवायची आणि आतल्या विजारीवर चढायची. एकदा झगा वरच राहिला आणि बिचारीला तो आणायला पुन्हा वर जावं लागलं! माझी आजी काष्टा मारून माडीच्या शिडीवर सरसर चढायची, तिला झग्याची ही कटकट तरी नव्हती.

त्या दोघी 'ग्रे मॅन्स पाथ' नावाच्या घळीतून खाली उतरल्या. घळीच्या तोंडावर एक कोसळलेला खांब आडवा पडलाय, त्याच्याखालून जायचं. मला वर, तळ्यापाशी बसवलं. थर्मास, शेंगदाण्याचे लाडू, आणि कडक सूचना, की काठापासून लांब राहायचं, एकही दगड खाली ढकलायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. खाली माणसं असतात.

खरं तर त्यांना दुसरीच वाट चढायची होती. कित्येक महिने मनात होती म्हणे. पण त्या भागात बहिरी ससाण्याचं घरटं आहे अशी सूचना होती. साधारण मार्च ते जुलै हा त्यांचा विणीचा काळ, आणि घरट्यातल्या ससाण्याला त्रास देणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. पण लेकीने कायद्याचं नाव काढलं नाही. "अंड्यावरनं उठली तर अंडी गार होतात, आई," एवढंच म्हणाली आणि पुस्तकातलं पान उलटलं. मी बसले होते तिथून ससाणा दिसला नाही. आवाज मात्र ऐकला, कर्कश, भांडखोर, 'कॅक कॅक कॅक'. म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं. घरात पिल्लं असताना दारात अनोळखी माणसं नकोच.

तीन तास मी तिथे बसले. अधूनमधून खालून हाका यायच्या, वाऱ्यात विरायच्या. 'सेफ' एवढं ऐकू आलं की मी एक लाडू खायची. तीन लाडू झाले. मध्ये शेताकडून एक माणूस चारचाकी दुचाकीवर (त्याला दुसरं काय म्हणू!) बसून मेंढ्या बघायला आला. मला मान हलवून, संध्याकाळी पाऊस येईल असं काहीसं म्हणाला आणि गेला. मालक होता की गडी, कोण जाणे. कड्याच्या काठावर पातळ चपात्यांचा डबा उघडून बसलेली पंजाबी ड्रेसमधली बाई बघून त्याला काहीच वाटलं नाही. २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या पर्वात हा कडा दिसला, तेव्हापासून जगभरचे लोक तिथे फोटो काढायला येतात म्हणे. सवय झाली असणार.

शेवटी काठावर एक हात आला. खडू लागलेला, पांढरा, चारही बोटांवर चिकटपट्ट्या. मग दुसरा. मग माझ्या लेकीचं लाल तोंड. तिला बघून मी रडले नाही, फक्त म्हटलं, "चहा गार झालाय."

संध्याकाळी खरंच पाऊस आला. मोटारीत बसून आम्ही काचा पुसत होतो, तेव्हा तिने मला ती गोष्ट सांगितली. सहज सांगावी तशी, पुढे बघत.

"आई, मला कधी काही झालं ना, तर घाबरू नकोस. समुद्रकड्यावर ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागायचं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण समजा, वाईट झालं. तर कुणी काही म्हणो, शेतकऱ्यावर दावा लावायचा नाही. मी फाइलमध्ये कागद लिहून ठेवलाय. मी पडले तर ती माझी जबाबदारी. एकाने दावा लावला, की त्याचा विमावाला म्हणेल फाटक बंद कर. मग कुणालाच यायला मिळणार नाही."

मी काय बोलणार? मला राग आला, खरं सांगते. मला वाटलं, ही पोरगी स्वतः नसल्यानंतरची व्यवस्था लावून बसलीय, आणि त्यात आईची काळजी नाही, कोण कुठल्या शेतकऱ्याच्या विम्याची आहे! बेलफास्टपर्यंत सव्वा तास मी बोलले नाही. तीही बोलली नाही.

रात्री झोप येईना. मे महिन्यात तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे तशीही झोप लागत नाही. आणि पडल्या पडल्या मला माझा दादा आठवला.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. गावाचं नाव देत नाही. घरामागे जांभ्याचा सडा, सड्याच्या टोकाला समुद्रावर कडा, आणि अलीकडे दादाची कलमांची बाग. आम्ही लहानपणी त्या टोकावर बसून गलबतं मोजायचो. गावातलं कुणीही जायचं, कुणी कुणाला विचारायचं नाही. मग काही वर्षांपूर्वी बाहेरची मंडळी यायला लागली. मोटारी थेट बागेत. एकदा मुलांचा एक घोळका दोर घेऊन रॅपलिंगला आला. विचारलं नाही, सांगितलं नाही. जाताना बेडं उघडं. (आमच्याकडे फाटक नसतं, दोन खांबांत आडव्या काठ्या सरकवलेल्या असतात, त्याला बेडं म्हणतात.) रात्रीत गुरं शिरली आणि नवीन लावलेली अकरा कलमं शेंड्यासकट खाल्ली. दादाने दुसऱ्या दिवशी सड्याच्या वाटेवर काटेरी तार ओढली. गावातल्यांनाही बंद. मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते. "अरे, समुद्र काय तुझा आहे?" असं म्हणाले होते.

सकाळी मी त्याला फोन लावला. पेटीतल्या नाण्यांची, फाटकाची, ससाण्याची, सगळी हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अगो, तुझ्या त्या शेतकऱ्याच्या डब्यात पैसे टाकतात. माझ्या बागेत बाटल्या टाकतात." मग थोडं थांबून, "आणि कुणी पोरगा पडला असता तर? पोलीस पहिले कोणाच्या दारात आले असते?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी पडणाऱ्याच्या आईचाच विचार करत आले होते. ज्याच्या जमिनीवरून पडतो त्याला रात्री झोप येते का, हे कोण विचारतं?

त्या कागदाबद्दल मी लेकीला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, की मी वाचलाय. खाली माझीही सही केलीय. ती काही बोलली नाही. भाजी चिरत होती, चिरत राहिली.

त्याच डिसेंबरात ती घरी आली. दोन दिवस मामाकडे जाऊ म्हणाली. पोचल्यावर चहा पिऊन झाला आणि तिने विचारलं, "मामा, मी सड्याच्या टोकापर्यंत जाऊ का? चढणार नाही, फक्त बघणार. तू नाही म्हणालास तर नाही."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, त्या सड्यावर जायला त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "नाही कशाला म्हणू?" म्हणाला. "पण उजवीकडच्या जुन्या आंब्याखालनं जाऊ नको. काकणाचं घरटं आहे वर." काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. हिवाळ्यात त्याची वीण असते. लेकीचे डोळे असे चमकले, की मला फेअर हेडची पान उलटणारी ती आठवली. लांबून, बागेला वळसा घालून गेली.

तासाभराने आली. मी म्हटलं, काय, चढण्यासारखा आहे का? तर मान हलवली. जांभा ठिसूळ, पाचर धरणार नाही, हातात तुकडे येतात. आणि बोल्ट मारावा असा तो दगड नाही, मारूही नये. "बघायला मस्त आहे पण," म्हणाली आणि येताना गोळा केलेल्या तीन बाटल्या अंगणातल्या कोपऱ्यात ठेवल्या.

दादा काही बोलला नाही. रात्री जेवणं झाल्यावर मात्र बॅटरी घेऊन बागेत गेला. गुरं बघायला असेल असं मला वाटलं. परत येऊन ओटीवर पाय धूत होता, तेव्हा मी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "बेडं बघून आलो. तिन्ही काठ्या लावल्यायत पोरीनं."

तार अजून आहे. पण तिच्या एका बाजूला त्याने आता माणूस जाईल एवढं अंतर सोडलंय, आणि जाणाऱ्याने घरी सांगून जावं असं कोळशाने एका पत्र्यावर लिहिलंय. पावसात पुसतं, तो पुन्हा लिहितो.